दादाच्या मोटरचं तिरपं व्हील

माझा धंदा मोटर दुरुस्तीचा. अकोल्याला छोटं वर्कशॉप आहे. "मोटर आपोआप बंद पडली" असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं की माझं डोकंच फिरतं. आपोआप काही होत नसतं... कुठेतरी तार निसटलेली असते, नट ढिला असतो, नाहीतर चालवणारा गाढव असतो. भूतबाधा, उतारे, लिंबू-मिरची, सगळ्याची मी जन्मभर टिंगल केली. तेव्हा पुढचं वाचून कोणी मला हसलं तर हसो. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मीही हसलो असतो.

लढाईच्या आधीची गोष्ट आहे, पेट्रोल अजून कुपनावर गेलं नव्हतं. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, अकोट-अकोला सर्व्हिस मोटर चालवायचा. अकोटला आमचा फुलांचा आणि भाजीचा मळा. सकाळी मागे झेंडूच्या टोपल्या, मध्ये पॅसेंजर आणि पुढच्या सीटवर कोणीतरी तालेवार माणूस, अशी मोटर निघायची. घरच्या माणसानं पॅसेंजरची जागा अडवायची नाही हा दादाचा नियम, आणि पुढची सीट तर मुळीच नाही. त्यामुळे झालं काय, की सगळ्या मुलखाला फिरवून आणणाऱ्या माणसाची बायको, माझी वहिनी, त्याच्या शेजारी कधी बसलीच नाही.

"एक डाव तुले अमरावतीले नेतो, अंबादेवीले. पुढं बसवून," असं दादा दर दसऱ्याला म्हणायचा.

"राहू द्या जी. नेता तं काई नाई," वहिनी म्हणायची, आणि दोघंही हसायचे. अजून पुष्कळ दसरे आहेत असं सगळ्यांनाच वाटायचं.

मग मुदतीच्या तापानं दादा गेला.

मोटर मळ्यात उभी राहून गंजायला लागली. अमरावतीच्या एका डॉक्टरांनी ती विकत मागितली आणि वहिनी हो म्हणाली. डॉक्टरांची अट एकच — व्हील, म्हणजे मोटर वळवायचं हातातलं चाक, नीट करून द्या. व्हीलचा लाकडी गोल चिरला होता आणि वर ते तिरपं होतं. तिरपं म्हणजे मोटर सरळ चाललेली असतानाही त्याचे चारही आरे उजवीकडे झुकलेले. त्याला कारण होतं. तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये दादाचा डावा अंगठा चेंगरला होता, तो मिटायचा नाही. म्हणून एक आरा डाव्या तळव्याखाली येईल अशा बेतानं त्यानं पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या खालच्या दांड्याचे आटे फिरवून व्हील मुद्दाम तिरपं करून घेतलं होतं.

मोटर मी अकोल्याला आणली. मधलं हॉर्नचं बटण काढलं, खालची स्प्रिंग काढली, तार सोडवली, मग मोठा नट. व्हील खालून गुडघ्यानं रेटून धरायचं आणि ते ज्यावर बसतं त्या उभ्या दांड्याच्या टोकावर पितळेचा तुकडा ठेवून हातोडीनं ठोकायचं, म्हणजे ते सुटतं. सुटलं. त्या आऱ्याजवळचं लाकूड दादाच्या हातानं काळं पडलं होतं. चीर सरसानं भरली, दोरीनं आवळून वाळायला ठेवली. पण घासायला घेतल्यावर त्या काळ्या जागेवर पॉलिशपेपर फिरवायला हात होईना. तेवढी जागा तशीच सोडली. दादाची फार आठवण आली, खोटं कशाला सांगू.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं तिथेच अडतं. व्हीलच्या भोकाला एक खाच असते, दांड्याला एक खाच असते आणि दोन्हींच्या मध्ये लोखंडाचा छोटा तुकडा बसतो. त्याला आम्ही चावी म्हणतो. ती बसली की व्हील एकाच तऱ्हेनं बसतं, दांड्यावर तसूभर फिरू शकत नाही. मी चावी बसवली, नट आवळला. खालचा दांडा व्हील सरळ येईल असा जुळवून पिना घातल्या आणि आटे हलले तर कळावं म्हणून त्यांवर रंगाची रेघ मारून ठेवली. ट्रायल घेतली. व्हील अगदी सरळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी अकोटहून आली. पदरात झेंडू. दादा रोज निघताना टोपलीतलं पहिलं फूल व्हीलला बांधायचा, तसं तिनं बांधलं. "भाऊजी, मोटर द्यायले जाऊन राहिले तं मीबी येतो," म्हणाली आणि सवयीनं मागचं दार उघडलं.

"पुढं बसा, वहिनी."

"पुढं पॅसेंजर बसते ना जी."

"आज कोनी पॅसेंजर नाई."

ती बसली, दाराला टेकून, अंग चोरून.

गाव सुटलं. मूर्तिजापूरकडे रस्ता सरळ, दोन्हीकडे कापसानं फुटलेली पऱ्हाटी. आणि माझ्या डाव्या तळव्याला काहीतरी लागलं. आरा. मोटर नाकासमोर चालली होती आणि व्हील तिरपं होतं... दादाला लागायचं तेवढंच.

थांबलो. धुळीत लोळत मोटरखाली शिरलो. पिना जागेवर, रंगाची रेघ जशीच्या तशी. पुढे मूर्तिजापूरला एका लिंबाखाली बटण, स्प्रिंग, नट सगळं उघडलं. चावी खाचेत घट्ट. असं होऊच शकत नाही हो. स्वतःच्या कामाचा राग आला.

"काहून उतरता घडीघडी?" वहिनी म्हणाली. "नीट तं चालून राहिली."

"व्हील तिरपं झालं, वहिनी."

तिनं माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग पदर सावरला आणि सीटला पाठ टेकून ऐसपैस बसली. तिथून बडनेरा येईपर्यंत ती हळू आवाजात बोलत होती — विहिरीला पाणी किती आहे, संत्र्याची कलमं कशी लागली, म्हैस कधी व्याली. मधूनच हसायची. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि मला ते ठाऊक आहे हे तिलाही माहीत होतं.

अंबादेवीच्या देवळासमोर मोटर लावली. ती दर्शन घेऊन आली, व्हीलचं फूल सोडवून पदराच्या गाठीत बांधलं आणि पुन्हा शेजारी बसली. डॉक्टरांचा बंगला जवळच होता. त्या रस्त्याला लागलो आणि पाहतो तो हाताखाली आरा नाही. व्हील सरळ.

दिवसभर ज्या तिरपेपणानं माझा जीव खाल्ला, तो गेला आणि मला रडू कोसळलं. बंगल्यापाशी मी थांबलोच नाही. मोटर तशीच पुढे काढली, वळसा घालून परत आलो, पुन्हा वळसा घातला. एकदा... फक्त एकदा तिरपं व्हावं म्हणून.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "त्यायनं आनलं मले. आता उतरा तुमी."

माझ्या धंद्यातल्या लोकांना मी हे सांगितलं आहे. खालचा सांधा ढिला असेल, म्हणतात. ढिला होता तर रेघ कशी हलली नाही? आणि मी हात न लावता तो नीट कसा झाला?

डॉक्टरांची मोटर अजून माझ्याकडेच कामाला येते. ट्रायलला सरळ रस्त्यावर काढली की दादा धरायचा तिथे मी डावा हात ठेवून पाहतो. आरा खालीच राहतो. मग अकोटला गेलो की वहिनी विचारते, "आली होती का जी मोटर?"

"आली होती."

"मंग?"

"सरळच हाय, वहिनी."