स्वतःचाच पंप फोडून दाखवणाऱ्या तांगडे मॅडम

तांगडे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिले ते चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात, मुलाखतीच्या दिवशी. एक सर्किट बोर्ड हाती देत त्यांनी विचारले, "यातली चिप खरी की खोटी?" वरचे नाव वाचून मी "खरी" म्हणालो. त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. नाव पुसले गेले! नोकरी मात्र मिळाली.

रुग्णाला थेंबाथेंबाने औषध देणारे पंप आम्ही बनवतो. सुरू होतानाच आतली चिप प्रोग्रॅम अस्सल आहे का ते तपासते; कुणी तो बदललेला असेल तर पंप चालूच होत नाही. ही रचना मॅडमची. 'यात कुणाला ढवळाढवळ करता येणार नाही,' असे रुग्णालयांना आम्ही वर्षानुवर्षे छातीठोकपणे सांगत आलो.

गेल्या वर्षी ग्राहकांची बैठक भरली. मॅडम उभ्या राहिल्या, पंपाचे झाकण काढले, आत दोन तारा टेकवल्या. पाचच मिनिटांत पंप दसपट औषध सोडू लागला. पडद्यावर आकडा मात्र जुनाच! समोरच्या डॉक्टरांच्या हातातला कप तसाच राहिला.

"दुरुस्ती सोपी जावी म्हणून तपासणी टाळणारी ही वाट मीच ठेवली होती," मॅडम म्हणाल्या. "चूक माझी आहे. सगळे पंप माघारी बोलवा."

मालक ताडकन उठले. "मॅडम, पंप माघारी बोलवायला काल मी नाही म्हणालो होतो ना?"

"व्हय, म्हणाला होतात. पण पेशंटला कुणी विचारलं?" चिडल्या की मॅडमच्या तोंडी वेरूळकडची बोली येते. राजीनामा त्यांनी तिथेच टेबलावर ठेवला.

त्या पंपांच्या तपासणीवर सही माझी होती. दुपारी मॅडमनी बोलावले, तेव्हा वाटले, संपले सगळे.

"जेवलास का?" असे म्हणून त्यांनी अर्धी भाकरी पुढे केली. "सही तुझी असंल, पण आराखडा माझा. कुणी काय बोललं तर माझं नाव सांग."

सुदैवाने कुणाला इजा झाली नव्हती. तीन महिने मॅडम आमच्यासोबत एकेक बोर्ड बदलत बसल्या. मालक त्यांच्याशी बोलत नव्हते. शेवटचा पंप रवाना झाला तेव्हा मात्र राजीनामा परत द्यायला ते स्वतः आले आणि म्हणाले, "तुम्ही थांबा."

आज मॅडमना साठ वर्षे पूर्ण झाली. मी अजून त्या बैठकीच्या धक्क्यातून पुरता सावरलेलो नाही. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि आमच्या कामात खोट दिसली, तर ती त्यांनी अशीच चारचौघांत बोलून दाखवावी.