कापडाखालचा अर्धा तास

मारोतभाऊ ऑपरेशन टेबलावरच उठून बसले आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथंच थांबलं. कागदावर 'पेशंट को-ऑपरेट करत नाही' लिहून डॉक्टरांनी आम्हाला चंद्रपूरहून राजुऱ्याच्या वृद्धाश्रमात परत धाडलं. भाऊंचा एक डोळा आधीच गेलेला. हा शेवटचा.

आश्रमातल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणं हे माझं काम. रिपोर्ट, गोळ्यांची यादी, सगळं चोख दिलं होतं. म्हणून मी भडकले. निषेधाचं पत्रक लिहायला बसले: म्हातारा माणूस म्हणजे सामान आहे का?

आश्रमात आयाचं काम करणाऱ्या रजियाबाई मात्र भाऊंजवळ जाऊन बसल्या.

"काऊन उठले जी भाऊ?"

"तोंडावर कापड टाकलं. खदानीत दबलो होतो मी बाई. तोंडावर मातीच माती. तेच आठवलं."

दोन वर्षं ते आमच्याकडे होते. फाईलमध्ये बीपी होतं, शुगर होती. हे नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हा टाक्यांचं ऑपरेशन असायचं. भूल फक्त डोळ्याला, माणूस जागा. चेहऱ्यावर हिरवं कापड, डोळ्यापुरतं भोक. अर्धा तास हलायचं नाही.

रजियाबाईंच्या घरी शिवणकाम. त्यांनी तसंच कापड शिवून आणलं आणि आधी स्वतःच तोंडावर घेऊन खाटेवर आडव्या झाल्या.

"पाहा भाऊ, मेली का मी?"

"मेल्या असत्या त येवढ्या बोलल्या असत्या का?"

मग रोज सराव. पहिल्या दिवशी दहा आकडे मोजेपर्यंत, मग पन्नास. खोकला आला तर त्यांचा हात दाबायचा, डोकं हलवायचं नाही. पंधराव्या दिवशी भाऊ कापडाखाली चक्क घोरले.

"झोपाचं नाई भाऊ, जागे होतानी दचकान!"

नव्या तारखेला मी डॉक्टरांना म्हटलं, "या बाई आत बसतील."

"आत कोणी चालत नाही."

"मग पुन्हा तेच होईल." मी सगळं सांगितलं. त्यांनी रजियाबाईंचं कापड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "यांना घालायला गाऊन द्या."

मी दाराच्या काचेतून पाहत होते. भाऊंची छाती सावकाश वरखाली होत होती. एकदाच बोटं आवळली. रजियाबाई काहीतरी बोलल्या, डॉक्टरांचे हात वर झाले, भाऊ खोकले, पुन्हा निश्चल. मी पुष्कळ मोर्चे पाहिलेत. इतकं धाडस एकातही दिसलं नव्हतं. माझे हात आपोआप जोडले गेले.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली.

"रजियाबाई, केस कवा पांढरे झाले जी?"

"तुमच्या सरावातच."

आता कुणाच्याही ऑपरेशनची तारीख मिळाली की मी आधी त्यांना विचारते, तिथं कशाची भीती वाटते? छापील फॉर्मात त्याला रकाना नाही. मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते.