राजुऱ्याच्या घरातलं अपुरं गणित

गेल्या महिन्यातला दुसरा रविवार, दुपार. राजुऱ्याच्या घरी हजर : मीनावहिनी, शेजारचे वामनराव, बर्फपेटी घेऊन आलेले दोघे आणि मी. सुधाकरभाऊची मुलगी प्राची बेंगळुरूहून निघाली होती. सुधाकरभाऊ, माझा मोठा भाऊ, गेला होता; ती पोचेपर्यंत त्याला विजेवर गार राहणाऱ्या त्या पेटीत ठेवायचं होतं. वादळानं लाइट गेलेली, आणि इन्व्हर्टरवर भाऊचा कॉम्प्युटर चालू. पेटी आणि कॉम्प्युटर दोन्ही त्यावर एकदम चालणार नव्हतं.

"बाई, काम्प्यूटर बंद करा लागते," वामनराव मला म्हणाले.

"त्यायले विचारा आधी," वहिनी सवयीनं बोलून गेल्या...

मी कॉम्प्युटरचा प्लग काढला.

भाऊ कोळसा खाणीत सर्व्हेअर होता. निवृत्तीनंतर त्यानं एकच काम धरलं. दोनाला दोननं गुणत राहायचं, शेवटी एक वजा करायचा, अशी कोट्यवधी अंकांची एक संख्या त्यानं घेतली होती. ती अभाज्य आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच पूर्ण भाग जात नाही का, हे कॉम्प्युटर तपासत होता. चारपासून सुरुवात. वर्ग करा, दोन वजा करा, त्या राक्षसी संख्येनं भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. अगदी शेवटची बाकी शून्य आली तरच अभाज्य. मधल्या बाक्यांवरून काहीही कळत नाही.

मी चिडवायची, "भाऊ, याचा उपयोग काय?"

"सात हा आकडा कोनाच्या कामी पडते? तरी हायेच ना तो! तू आपल्या किराण्याच्या, बिलाच्या याद्या कर."

एकदा त्यानं सांगितलं होतं, बाकी शून्य नाही आली तर संख्येला भाग जातो एवढं नक्की. कशानं जातो, ते ही तपासणी सांगत नाही. पुढे चंद्रपूरच्या दवाखान्यात त्याचे रिपोर्ट एकामागून एक येत गेले. काहीतरी बिघडलंय हे प्रत्येकात होतं. काय, ते शेवटपर्यंत एकाही रिपोर्टात नव्हतं. वहिनी डबा घेऊन गेल्या की भाऊचा पहिला प्रश्न, "लाइट होती ना?" एकदा मला हळूच म्हणाला, "माह्या आधी त्या काम्प्यूटरचं होऊन गेलं पाहिजे, बाई." मी उशी नीट केली. दुसरं काय करणार होते?

मृत्यूचा दाखला झाला, पेन्शनचे कागद झाले, गॅस वहिनींच्या नावावर झाला. प्राची परत जाण्याआधी म्हणाली, "आत्या, हिशोब सेव्ह आहे. चालू केलं की तिथूनच पुढे जाईल."

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "शून्य आलं तर सांगाव कोनाले? आन् नाई आलं, तर मले एकटीले आयकाव लागन."

मी दर रविवारी वरोऱ्याहून जाते. वहिनींची औषधं बघते, किराणा भरते, बिलं भरते. परवा त्या आत चहा ठेवत होत्या तेव्हा मी कॉम्प्युटरचा प्लग हातात घेतला. आतून कपांचा आवाज थांबला. मी प्लग खाली ठेवला.

माझ्या यादीत तेवढं राहिलंय.