न फवारता आलेला गुण

माझी नोकरी ढेकणांवर अवलंबून होती. घरातल्या नव्हे, सोयाबीनच्या शेंगांतला रस शोषणाऱ्या हिरव्या ढेकणांवर. कंपनीच्या औषधांची चाचणी नीट पार पडली तर मला कायम करणार होते, नाहीतर साताऱ्याला घरी बसायचं होतं.

माधवनगरजवळ एका जैन शेतकऱ्यानं रान दिलं. मी सहा पट्ट्या आखल्या. पाचांवर वेगवेगळी औषधं मारायची, सहावी तुलनेसाठी तशीच सोडायची. सगळीकडे ढेकूण सारखेच होते, मी स्वतः मोजले होते. पण फवारणीच्या दिवशी सकाळी बघते तर पाच पट्ट्या लख्ख, आणि सहावीत जत्रा भरलेली! औषधांची खोकी तर अजून फोडलीसुद्धा नव्हती.

मी डोक्याला हात लावून बांधावर बसले. शेतकऱ्याची आई, जिला मी काकू म्हणायचे, चहा घेऊन आली. कपाला ढेकणाचा उग्र वास.

"काकू, तुम्ही?"

"व्हय की. पर्युषणाचं पर्व चालू हाय बाळ. डोळ्यांदेखत कसं मरू द्यायचं? तू जिथं फवारणार न्हाईस, तिथं नेऊन सोडलं. तुझ्या कामात काय बी ढवळाढवळ केली न्हाई."

"अहो, माझी नोकरी जाईल!" मी ओरडलेच. काकूंचा चेहरा उतरला.

तेवढ्यात साहेब आले. लांबूनच खूश. "वा! काय रिझल्ट आहे!"

"सर, अजून फवारलंच नाही." काकू पुढं झाल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. साहेबांनी काकूंनी दिलेला चहाचा कप हुंगला, हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, "पर्व संपल्यावर फवारा."

तोवर ढेकूण पुन्हा सगळीकडे पसरले. फवारणीच्या दिवशी काकू कडेगावला लेकीकडे निघून गेल्या. औषधांचा गुण आला, मी कायम झाले.

निघताना काकूंच्या मुलानं एक डबा दिला. मला वाटलं, लाडू. आत कोवळी पानं आणि त्यांवर हिरवे ढेकूण. "आई म्हणली, फवारत नसतील तिथं सोड."

डबा मांडीवर घेऊन मी साताऱ्यापर्यंत एसटीच्या खिडकीतून बघत होते. जिथं तिथं कुणीतरी पाठीवर पंप घेऊन उभंच. शेवटी माझ्या गॅलरीतल्या घेवड्याच्या कुंडीत सोडले.

घेवडा पार गेला. घरात औषधाचे नमुने पडलेले, पण माझ्यानं काही फवारवलं नाही.