ठोकळ्यांवरची हेराल्ड

साताऱ्याहून सकाळी सहाची एसटी धरली. निघताना आईने डब्यात दशम्या दिल्या आणि एकच गोष्ट बजावली, "आहे की नाही, एवढं बघून ये."

ती बोलत होती ती दादाबद्दल. माझा मोठा भाऊ चौतीस वर्षांपूर्वी बाबांशी भांडून त्यांची हेराल्ड गाडी घेऊन गेला, तो परत आला नाही. पिंपरीकडे नोकरी बघतो म्हणाला होता. पोलिसांत तक्रार देताना बाबांनी गाडीचा रंग सांगितला, नंबर सांगितला आणि मैलांच्या मीटरचा आकडाही सांगितला, एकसष्ट हजार चारशे आठ. हवालदार हसला होता. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. आता बाबाही नाहीत. दरवर्षी पितृपक्षात गुरुजी विचारतात, दादाचं पान वाढायचं का? आई म्हणते, अजून ठरलेलं नाही. यंदा ती ब्याऐंशीची झाली आणि तिला ठरवायची घाई लागली आहे.

मला गाड्यांचं वेड बाबांमुळे. शाळेच्या कार्यालयात नोकरी करते आणि उरलेला वेळ जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घालवते, असं माझे यजमान म्हणतात आणि ते खरंच आहे. पंधरा दिवसांपूर्वी त्याच ग्रुपवर चाकणजवळच्या एका शेडमधला फोटो आला. लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली फिकट हिरवी, दोन दारांची हेराल्ड. पाटीवरचा चारचा आकडा बाबांच्या हातचा होता. त्यांनी नंबर स्वतः रंगवला होता आणि त्यांचा चार नेहमी कुबड काढून बसायचा. मी ग्रुपवर फक्त "ही आमची गाडी" एवढंच लिहिलं. भावाचं लिहायचं धाडस झालं नाही.

नाशिक फाट्यावर उतरले तेव्हा साडेनऊ वाजले होते. ग्रुपमधले रहाटणीचे वाघमारे त्यांची पांढरी पद्मिनी घेऊन उभे होते. तो फोटो त्यांनीच काढला होता, पण तेव्हा गाडी कुलूपबंद होती. एका कंपनीच्या पेंट शॉपमधून ते निवृत्त झालेत. गाडीचा रंग बोटाने चोळून तिचं वय सांगतात. मागच्या सीटवर आरिफभाई होते, पिंपरीचे इंजिन मिस्त्री. दोघांनी मला इतक्या आदराने पुढे बसवलं की मीच लग्नाची नवरी आहे असं वाटावं.

"ताई, अनटच गाडी आहे," वाघमारे म्हणाले. "रंग पहिला, काचा पहिल्या. असं नशीब कुणाला मिळतं?"

भोसरीत मिसळ खाल्ली. मोशीच्या पुढे पद्मिनी तापली, म्हणून इंद्रायणीच्या पुलाअलीकडे थांबून पाणी घातलं. वाघमारे तिच्याशी लाडीगोडीने बोलत होते, आणि मला हसू येत होतं.

चाकण जवळ आलं तसं हसू कमी झालं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कोऱ्या गाड्यांची मैदानं लागतात. शेकडो गाड्या, सगळ्यांवर पांढरं प्लास्टिक, आत कुणी नाही, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. रविवार असल्याने माणूस दिसत नव्हता. आपण जातोय ते त्या बघताहेत असं उगाच मनात आलं. मी खिडकीची काच वर केली.

चौकात ट्रेलरांच्या रांगेत अडकलो तेव्हा वाघमारेंनी त्यांचा खेळ काढला. ही मंडळी दर रविवारी तो खेळतात. डोळे मिटायचे आणि नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायची. मी सहा ओळखल्या. आरिफभाई म्हणाले, "वा, बहनजी!" मी अशी फुशारले की पद्मिनी डांबरी सोडून कच्च्या वाटेला लागली तरी डोळे उघडले नाहीत. मागे हमरस्त्यावरून जाणारा प्रत्येक ट्रक ओळखत होते. मध्येच वाघमारेंनी हॉर्न दिला आणि "बाजूला व्हा काका" असं कुणाला तरी म्हणाले. गाडी जरा थांबून पुढे गेली.

शेड म्हणजे जुना गोठा होता. भिंतीला अजून गवाण (गुरांना वैरण घालायची जागा) होती आणि वर पत्रा. जागेचे मालक तात्या, ऐंशीच्या घरातले, टोपी-धोतर. भोवतालची त्यांची जमीन आता गोदामांनी भरली आहे, आणि येत्या महिन्यात हा गोठाही पाडायचा आहे. त्यांनी आरिफभाईंच्या हातात किल्ली दिली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुमीच का त्या साताऱ्याच्या?"

"हो."

"बघा गाडी. आधी गाडी बघून घ्या," ते म्हणाले आणि दारातच बसले.

गाडी आमचीच होती. मागच्या काचेला मी चिकटवलेल्या बदामाच्या स्टिकरचा डाग तसाच होता. मला रडू आलं. या दोघांना वाटलं आनंदाने रडतेय, म्हणून त्यांनीही डोळे पुसले.

मग त्यांचं काम सुरू झालं. वाघमारेंनी मीटर वाचला, "एकसष्ट हजार चारशे सत्त्याण्णव."

मी मनात वजाबाकी केली. एकोणनव्वद मैल. आमच्या घरापासून इथपर्यंत अंतर तेवढंच असेल. म्हणजे दादा त्या दिवशी थेट इथे आला आणि गाडी पुन्हा हललीच नाही. मला वाटलं, संपलं, आईला काय सांगायचं ते ठरलं.

"मीटर खोटा आहे," आरिफभाई म्हणाले. ते पुढच्या सीटपाशी वाकले होते. "हे बघा. क्लचचं रबर नवं, ब्रेकचं रबर नवं. आणि अ‍ॅक्सिलरेटरचं रबर झिजून खालचं लोखंड दिसतंय. असं कसं होईल?"

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. चौतीस वर्षं उभी असलेली गाडी अशी सुरू होत नाही. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि बंद केलं. "टॅपेट वाजतात. रिंगा गेल्यात. बहनजी, हे इंजिन म्हातारं आहे. खूप चाललंय. पण गाडी चाललेली नाही."

वाघमारे म्हणाले, "आरसा पण चुकीचा लावलाय. रस्ता दिसतच नाही यातून."

मी चालकाच्या जागेवर बसले. सीट एका माणसाच्या आकाराची खचली होती. आरशात मागची सीट दिसत होती, डावा कोपरा. तिथे मी बसायचे. गाडीभर धूळ होती आणि तेवढा कोपरा पुसलेला होता. मी उतरायला गेले आणि दार उघडेना. वाघमारेंनी बाहेरून उघडलं.

तोवर आरिफभाईंनी तो अख्खा बोनेट पुढे उलटला होता. त्यांनी इंजिनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"भाजतंय," ते म्हणाले. "मी मिनिटभरच चालवलं. एवढं गरम नाही होणार. हे आधी चाललेलं आहे. आजच."

पत्र्यावर ऊन तडतडत होतं. आम्ही तिघांनीही तात्यांकडे पाहिलं.

"सातारकर येऊन गेला," तात्या म्हणाले. "आमी त्याला सातारकरच म्हनतो. दर रविवारी दहाला येतो. गाडी चालू करतो, आत बसतो. तासभर. म्हनतो, तात्या, आज निघतो. मग बंद करतो आन चालत जातो. पैल्या वर्षी मी म्हनलं, जा की राव, कोन आडवतंय. त्यो म्हनला, आता इतके दिस झाल्यावर काय तोंड दाखवू? पुढं मी बोलायचं सोडलं."

"चौतीस वर्षं?" मी विचारलं.

"व्हय. येक रविवार चुकला न्हाई."

वाघमारे खाली बसले. "तात्या, तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत."

"तुमी इचारलं कुठं? रंग इचारला, काचा इचारल्या, टायर कुठल्या सालचं ते इचारलं. गाडी कुनाची म्हनलात, मी म्हनलं येका कामगाराची. तुमी फोटू काढाय लागला."

खरं होतं. पंधरा दिवसांत आमच्या ग्रुपने त्या गाडीबद्दल शंभर प्रश्न विचारले, आणि ती राखणाऱ्या माणसाबद्दल एकही नाही. मी तर कारण असूनही विचारलं नव्हतं. उत्तराची भीती वाटत होती.

"आज त्याला सांगितलं, साताऱ्याहून बाई येनार हायेत, गाडी आमची म्हनत्यात. त्यानं गाडी बंद केली. किल्ली माझ्याकडं दिली. म्हनला, तिला द्या, मी आता यायचा न्हाई. आत्ताच गेला. तुमाला वाटंत गावला आसंल की."

वाघमारेंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "छत्रीवाले होते एक," ते हळू म्हणाले. "गाडी बघून थांबले होते. खिडकीजवळून गेले. ताई, तुम्ही डोळे मिटून बसला होतात."

आम्ही पद्मिनी पिटाळत हमरस्त्यावर आलो. ट्रेलर, कंपनीच्या बसेस, पांढऱ्या प्लास्टिकातल्या गाड्या. पायी चालणारं कुणीच नव्हतं. दुपारी तीनपर्यंत आम्ही टपऱ्या आणि कामगारांच्या खोल्या हिंडलो. सातारकर कुणालाच ठाऊक नव्हता. तात्यांनाही त्याचं घर माहीत नव्हतं, कंपनीही नव्हती. आरिफभाई प्रत्येक टपरीवर "एक साठीचे गृहस्थ, छत्री आहे" असं सांगत होते आणि मला वाटत होतं, याहून जास्त मलाही सांगता येणार नाही. आता त्याचा चेहरा कसा आहे ते वाघमारेंनी पाहिलं होतं, मी नाही.

परतीच्या एसटीत दशम्यांचा डबा तसाच मांडीवर होता, आणि आरिफभाईंनी हातात दिलेली हेराल्डची किल्ली पर्समध्ये. राग दादाचा आला, माझा आला, त्या खेळाचाही आला. तो जिवंत आहे का, हे बघायला मी गेले होते. चौतीस वर्षं तो जिथे नक्की सापडला असता अशी एकच जागा होती, आणि मी तिथे पोहोचले म्हणून ती गेली.

घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई पाटावर बसली होती. मला बघून तिने हातातली वात खाली ठेवली.

"आहे," मी म्हणाले.

तिने डोळे मिटले. मग मी तिला गाडीचं सांगितलं, रविवारचं सांगितलं, "आज निघतो"चं सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती. चौतीस वर्षांत तिचा चेहरा मी इतका मोकळा पाहिला नव्हता.

"दर रविवारी?" तिने विचारलं.

"हो."

"मग पुढच्या रविवारी मला ने. येत नाही तर नाही, आपण जाऊ. किती वाजता येतो तो?"

किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

"दहाला," मी म्हणाले.