भागुबाईचा हात

"हात खोटं बोलत न्हाय," असं भागुबाई दिवसातून निदान दहा वेळा म्हणायची.

मुरुडच्या अलीकडच्या त्या कोळीवाड्यात हे वाक्य शेंबड्या पोरांनाही पाठ होतं. कारण तो हात साधासुधा नव्हता, तो गावचा कायदा होता. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत भागुबाईचा उजवा हात जेवढा, त्याहून लहान पापलेट लिलावात चढायचं नाही, असं बावीस वर्षांपूर्वी ठरलं होतं.

त्या साली जाळी भरून आली ती बिस्किटाएवढ्या पिल्लांनी. बोर्ली पंचतनची लेक भागुबाई भर लिलावात पिल्लांच्या टोपलीवर ठाण मांडून बसली. "पोरंच विकायला काढलीत, उद्या आया कुठून आणाल?" म्हणाली, आणि उठेचना. शेवटी गावानं हात जोडले आणि तिचाच हात माप म्हणून नेमला.

तेव्हापासून होड्या लागल्या की ती पाटावर बसे आणि एकेक पापलेट हाताखालून जाई. कुणी शेपटी ओढून बघे, कुणी गप्पांत गुंगवे. हर्षद तांडेल तर चहाचा पेला नेमका तिच्या उजव्या हाताशी नेई.

"डाव्या हातात दे रे मेल्या. उजवा कामावर हाय."

अशा बंदरावर एक दिवस प्राप्ती आली. पोरगी चौलची, नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेली, मासळीच्या पाहणीच्या नोकरीत नवी. काखेत आकडे कोरलेली फळी.

"काय गो, हा पोळपाट कशाला?" भागुबाईनं विचारलं.

"मासे मोजायला, आजी."

"आन् लाटणं घरी इसरलीस व्हय?"

बंदर खदखदलं. पण महिनाभर दोघी शेजारी बसल्या. हाताखालून पास झालेलं पापलेट फळीवर जाई, आकडा वहीत चढे. प्राप्तीला आता भागुबाईच्या शिव्याही गोड लागत. मग एका दुपारी तिनं जुन्या पाहणीच्या वह्या उघडल्या आणि तिची झोप उडाली. हातानं पास केलेलं सगळ्यात लहान पापलेट माप ठरलं त्या साली अठरा सेंटिमीटरचं होतं. आता साडेसोळाचं. मधल्या वर्षांत ते हळूहळू, केसाकेसानं उतरत आलं होतं. असं कसं झालं?

दुसऱ्या सकाळी तिनं मासा सोडून हात पाहिला. भागुबाईनं तो पापलेटावर ठेवला, पण बोटं सपाट होईनात. खेकड्याच्या पायांसारखी ती वर कमानदार राहिली. बर्फात आणि खाऱ्या पाण्यात सांधे आखडले होते. हात आखूड झाला होता, आणि गावचा कायदाही त्याच्याबरोबर आखूड होत गेला होता.

सांगावं तर म्हातारीचा मान जाणार. गप्प राहावं तर? गुरुवारी बंदरावर बैठक होती, आणि हर्षद मापच मोडायला निघाला होता.

"बावीस वर्षं पाळलं," तो बैठकीत गरजला, "पण पापलेट वाढलं कुठं? उलट बारीक झालं! मग माप हवं कशाला?"

माना हलू लागल्या. प्राप्ती उठली. "पापलेटाची चूक नाही. पिल्लं समुद्रात सुटायला हवीत तेवढी सुटतच नाहीत. आपलं माप... आजींचा हात..." तिनं नुसती जुन्या-नव्या दोन्ही वह्यांतली पानं समोर धरली.

भागुबाईनं आपला हात उलटासुलटा करून पाहिला. मग तरातरा उठून ती लिलावाच्या ओट्याकडे गेली, कोपऱ्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि काथ्यानं घासायला बसली. खवल्यांचा थर निघाला आणि खालून एक पंजा वर आला.

नव्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, घरची बाई हळदीचा हात उठवते. ओटा बांधला तेव्हा हरेश्वर गवंडी म्हणाला होता, ओटापण होडीच की, आणि भागुबाईनं ओल्या सिमेंटात हात दाबला होता. माप ठरलं त्याच साली.

आता तिनं त्याच पंजात हात ठेवला. बोटं अर्धं पेर अलीकडेच थांबली.

प्राप्तीनं डोळे मिटून घेतले. पण कानावर आलं ते हसू, आधी खुसखुस, मग असं खो-खो की म्हातारी ओट्यावर आडवीच झाली.

"अगो बाय! खोटं बोलला की गो! बावीस वर्षं माझ्याच मांडीवर बसून खोटं बोलला!"

मग सगळं बंदर हसत सुटलं. जो तो पंजात हात घालून बघू लागला. कुणाचा आत बुडाला, कुणाचा बाहेर सांडला. हर्षदला चौघांनी ढकलत आणलं. त्याचा हात ठेवला मात्र, पंजात असा बसला जसा साच्यात मोदक.

"बस तर उद्यापासून पाटावर," भागुबाई डोळे पुशीत म्हणाली.

"काकी, मी तर माप मोडायला आलो होतो!"

"म्हणून तर तू. सगळ्या लबाड्या तुला ठाव हायत. आन् तुझाबी हात आखडला, तर पडताळायला ह्यो सिमिटाचा हाय."

रिकामी टोपली डोक्यावर घेऊन ती निघाली. वाळूवर चालता चालता उजवा हात हवेत नाचवत होती, कामावरून सुटल्यासारखा. प्राप्ती फळी छातीशी धरून बघत राहिली. हर्षदही बघत होता, हात अजून पंजातच ठेवून.