एक जिन्नस कमी

घरातली साखर मुद्दाम संपू देणारा माणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात एकच झाला असेल, आणि तो आपल्या समोरच्या घरात राहत होता. बाळांनो, तुम्ही त्यांना पाहिलं आहे. तुम्ही सुट्टीत आलात की टॅक्सीतून तुमच्या बॅगा स्वतः उचलून आत आणणारे आणि आणता आणता "ह्यात खायचं किती आन् कापडं किती?" असं विचारणारे पांढऱ्या मिशांचे सुभेदार. तुम्हांला ते फार चौकस वाटले होते. चौकस ते होतेच. कोणाच्या घरी काय आलं, किती आलं आणि कशात बांधून आलं हे पाहिल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. पण त्या चौकसपणामागे एक अख्खं शास्त्र होतं, आणि ते त्यांनी एका बेटावरून शिकून आणलं होतं.

मूळचे ते मेढ्याच्या पलीकडच्या एका डोंगरातल्या गावचे. फौजेत रेशनच्या खात्यात होते. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी अंदमान-निकोबारकडच्या एका लहानशा बेटावर काढली. तिथे कांद्यापासून वह्यांपर्यंत सगळं बोटीने यायचं, आणि बोट समुद्राच्या मर्जीने यायची. "बोट आली की मानूस येडा हुतो, बाई," आपल्या व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून ते मला सांगत. (मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे, म्हणून गल्लीला मी अजून बाईच आहे.) "पैल्या दिवशी पावडर, बिस्कुटं, फुलाफुलाच्या चादरी. दुसऱ्या दिवशी कांदं-बटाटं. आन् काड्यापेटी? ती कुनाच्या ध्यानातच न्हाई. मग पुढची बोट लांबली, की समदी काड्यापेट्या हुडकत फिरायची." त्यांच्या मते खरा संसार सुरू व्हायचा तो बोट लांबल्यावर. एकाकडे काड्यापेटी, दुसऱ्याकडे मसूर, तिसऱ्याच्या दारात नारळ. मग वाट्या निघायच्या. मल्याळी बाईची वाटी बंगाल्याच्या घरी, बंगाल्याची पंजाब्याच्या घरी. आणि गेलेली वाटी कधी रिकामी परत यायची नाही. "कुनाची भाषा कुनाला कळत नव्हती," ते म्हणत, "पर वाटी समद्यास्नी कळत हुती."

निवृत्त होऊन त्यांनी आपल्या गल्लीत घर बांधलं आणि पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं की ही गल्ली म्हणजेसुद्धा बेटच आहे. एका अंगाला कॅनॉल, दुसऱ्या अंगाला हायवे, मागे उसाचं रान. फरक एवढाच, की इथे बोट रोज येते. हल्ली तर दिवसातून दहादा येते, मोटारसायकलवरून. या गोष्टीने ते मनापासून अस्वस्थ असत. रोज बोट येणाऱ्या बेटावर कोण कोणाचं दार वाजवणार? मग त्यांनी आपला उपाय काढला. महिन्याला फौजेच्या कँटीनमधून सामान आणताना त्यातला एक जिन्नस ते मुद्दाम गाळत. कधी साखर, कधी जिरं, एकदा तर चहापूड. आणि मग संध्याकाळी पाचाच्या सुमारास इस्त्रीचा शर्ट घालून, पायांत पॉलिश केलेले बूट चढवून, हातात वाटी घेऊन सुभेदार मोहिमेवर निघत.

वाटी नेहमी तीच. जाड स्टीलची, लग्नात आहेर आलेली, काठावर ठिपक्यांनी "मामाकडून सप्रेम" असं कोरलेलं. तिच्यातून गेलेल्या साखरेच्या बदल्यात मग गल्लीत काय काय फिरलं, ते सांगत बसले तर तुमचा फोन लावायची वेळ होईल. हरभऱ्याचे सोले, कैरीचा तक्कू, मेढ्याकडचा मध, सुभेदारीणबाईंच्या हातची शेंगदाण्याची चटणी. मागायला जाताना ते हात पसरल्यासारखे कधीच वागत नसत. एखाद्या पाहणीला आलेल्या साहेबासारखे उभे राहत आणि जाताना स्वयंपाकघरावर नजर टाकून अभिप्राय देत. "डाळ मागच्या बारीपेक्षा बारीक हाय. दुकान बदललं का?"

यात सगळ्यांत जास्त हाल होत ते सुभेदारीणबाईंचे. "आवं बाई, पेन्शन येतीया, कँटीनचं कार्ड हाय, दुकान कोपऱ्यावर हाय," त्या माझ्याकडे येऊन सांगत. "आन् ह्यो एवढा मोठा सुभेदार मानूस वाटी घिऊन निघतुया. लोक म्हनत्याल, बायकूला संसार कळंना." एका महिन्यात त्यांनी साखरेचा पुडा गुपचूप मागवून पिठाच्या डब्यात पुरून ठेवला. सुभेदारांनी तो शोधून काढला आणि "मागं नेली हुती, ती परत आनलीया" असं म्हणत घरोघर वाटीवाटीने वाटून टाकला. दिवेलागणीपर्यंत घरात साखर पुन्हा संपलेली होती.

गल्लीत कोण काय विकत घेतो यावरची त्यांची मतं ठाम होती. आपल्या शेजारच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांनी चालायचं यंत्र घेतलं, तेव्हा सगळे कौतुकाने बघायला गेले. सुभेदार त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "बोटीतनं आलेली मोठी वस्तू आदी सोप्यात ऱ्हाती, मग ग्यालरीत जाती, मग मेव्हन्याच्या घरी जाती." यंत्र सध्या गॅलरीत आहे आणि त्यावर टॉवेल वाळतात. साहेबांचे मेव्हणे कऱ्हाडला असतात, एवढंच मी सांगते. तयार इडलीचं पीठ, तयार आलं-लसूण, तयार पोळ्या हे सगळं सुभेदारांनी एकवार सोसलं. पण ज्या दिवशी साहेबांच्या घरी दाण्याचं कूट पिशवीतून आलं, त्या दिवशी ते सुतक असल्यासारखे आमच्या पायरीवर बसून राहिले. "बाई, शेंगा आपल्या रानात, खलबत्ता आपल्या घरात. आन् कूट बाहेरनं?" मग म्हणाले, "उद्या उकळल्यालं पानीबी मागवत्याल."

त्यांचा पराभव झाला तो फक्त माझ्या स्वयंपाकघरात. माझ्या बरण्या तुम्हांला माहीत आहेत. ओळीने, चिठ्ठ्या चिकटवलेल्या, मागची भरलेली असल्याशिवाय पुढची उघडायची नाही. सांगलीहून माझा भाऊ, तुमचे मामाआजोबा, वर्षाची हळद आणि बेदाणे पाठवतात. डाळी उन्हाळ्यात वाळवून भरलेल्या असतात. सुभेदार माझ्याकडून वर्षानुवर्षं वाट्या भरून नेत, भरून आणत. पण मी त्यांच्या दारात कधी वाटी घेऊन गेले नाही, कारण तशी वेळच आली नाही. हे त्यांना सलत असे. एकदा बरण्यांकडे बघत ते फार कष्टाने म्हणाले, "बाई, तुमच्याकडं कायबी संपत न्हाई. मग शेजाऱ्यानं करायचं काय?" मी हसले. मला तो विनोद वाटला.

पुढे एका पावसाळ्यात मी सांगलीला मामाआजोबांकडे गेले असताना कृष्णा रस्त्यावर आली. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, म्हणून आम्ही कोरडे राहिलो, पण इमारतीचं बेट झालं. घरात हळद पोत्याने, बेदाणे डब्याने. आणि दूध नाही, मेणबत्ती नाही. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाई अर्धी मेणबत्ती हातात घेऊन खाली आल्या आणि संकोचून म्हणाल्या, "चहापूड असेल का थोडी?" त्या तिथे कित्येक वर्षं राहत होत्या आणि मामाआजोबांना त्यांचं नाव माहीत नव्हतं. साताऱ्याला आल्यावर मी हे सुभेदारांना सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. पाणी किती चढलं हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना हवं होतं ते वेगळंच. "पैल्यांदा काय संपलं? आन् दार पैल्यांदा कुनी वाजवलं?" मग मान हलवून म्हणाले, "दार वाजवायची सवय बोट चुकायच्या आदी लावून घ्यावी लागती, बाई. म्हनून ह्यो समदा खटाटोप. आमच्या हिचं गुडघं असलं, पोरगा पुन्याला. रात-इरात कुनाचं दार वाजवायचं तर ते आदी साखरेसाठी वाजीवल्यालं बरं."

आणि गुडघ्यांनीच शेवटी निकाल लावला. सुभेदारीणबाईंना जिना सोडा, अंगणही पार होईना. मुलाने दोघांना पुण्याला आपल्याकडे कायमचं राहायला बोलावलं. अकराव्या मजल्यावरचं घर, लिफ्ट, खाली दवाखाना. नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून सुभेदार नाही म्हणाले नाहीत. फक्त एकदा मला विचारलं, "अकराव्या मजल्यावर शेजार कुठल्या बाजूला असतो वं?"

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. सामानाची खोकी बांधून भिंतीला लावली होती. त्यावर फौजी गाठी, ज्या सुटतात फक्त बांधणाऱ्याच्याच हाताने. मी म्हणाले, "सुभेदार, थोडा गूळ मिळेल का? आमचा संपला आहे."

त्यांनी वळून पाहिलं. "गूळ? तुमच्याकडं?"

"हो."

"बसा," ते म्हणाले आणि पहिल्या खोक्याची गाठ सोडायला लागले. त्यात भांडी निघाली. दुसऱ्यात वाकळा. तिसरं उघडायला घेतलं तेव्हा आतून सुभेदारीणबाईंचा आवाज आला. "आवं, उजाडताच टेम्पो येतुया. काय चाललंय त्ये?"

"येऊ दे टेम्पो," सुभेदार म्हणाले. "बाईंचा गूळ संपलाय."

"बाईंचा? जावा तिकडं. त्यांच्याकडं संपतुय व्हय कवा काय?"

"संपलाय म्हनत्यात न्हवं." आणि त्यांनी चौथं खोकं सोडलं. सबंध खोलीभर संसार पसरला तेव्हा कुठे गुळाचा डबा सापडला. त्यांनी ढेप फोडली, चांगला मोठा खडा काढला, आणि माझ्यापुढे हात केला. "वाटी?"

मी वाटी नेलीच नव्हती. मागायला जाताना भांडं न्यायचं असतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. सुभेदारांनी मला सांभाळून घेतलं. "पैल्यांदाच आलाय. हुतं आसं," ते म्हणाले, आणि "मामाकडून सप्रेम" या वाटीत गूळ घालून ती माझ्या हातात दिली. मी परत आणून देते म्हटलं, तर म्हणाले, "आत्ता नगा. सवडीनं द्या. आन् रिकामी नगा पाठवू."

त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. दुसरी वाटी घेऊन ते पुण्यात शेजारच्या घरी साखर मागायला गेले होते. दार एका तरुण मुलीने उघडलं. कानात काहीतरी घातलेलं, पण बोलायला गोड. "आजोबा, आमच्याकडे साखर नसते, आम्ही खात नाही. थांबा हं," म्हणाली आणि मोबाईलवर बोट फिरवलं. "धा मिन्टात पुडा दारात, बाई. किलोचा. मला वाटीभर पायजे हुती. पैसंबी घेईना." मला हसू आवरेना आणि वाईटही वाटलं. मी विचारलं, मग काय केलंत? सुभेदारीणबाईंनी शंकरपाळे केले, त्याच साखरेचे, आणि ते डबा भरून शेजारी देऊन आले होते. "डबा आजून परत आल्याला न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आशा होती. "म्हंजे बगा, तिला रिकामा देववंना झालाय. काय घालावं ह्येचा इचार करत आसंल पोर."

मी म्हटलं, नक्कीच तसंच असेल.

समोरचं घर अजून बंद आहे. परवा महिन्याचं सामान मागवताना मी मोहरी मागवली नाही, आणि संपल्यावर वाटी घेऊन साहेबांच्या घरी गेले. वहिनी घाबरून म्हणाल्या, "बाई, बरं आहे ना सगळं?" मग त्यांनी मला बसवलं, आणि चालायच्या यंत्रावरचे टॉवेल काढत बराच वेळ बोलत राहिल्या.

सुभेदारांची वाटी माझ्या बरण्यांच्या ओळीत आहे. चिठ्ठी लावलेली नाही. तुम्ही आलात की आपण पुण्याला जाऊन ती द्यायची आहे, तेव्हा तिच्यात काय घालायचं ते तुम्हीही सुचवा. मी अजून काही घातलेलं नाही. भरली, की परत द्यावी लागेल.